आयर्लंडचे जुने टपाल डबे आणि लगेज व्हॅन, रंग बघून काय काय कळतं

आयर्लंडच्या जुन्या ट्रेनचा कुठलाही फोटो घ्या, बघणाऱ्याची नजर आधी इंजिनावर जाते, मग फर्स्ट क्लासच्या डब्यांवर, आणि इंजिनाला लागून किंवा अगदी शेवटी जो बुटका, कमी खिडक्यांचा, मळलेला डबा असतो तो बघायचा राहूनच जातो. मला विचाराल तर फोटोतली सगळ्यात जास्त माहिती त्या डब्यातच असते. ही गाडी कुठल्या कंपनीची, साधारण कुठल्या काळातली, त्या लाइनवर पैसा होता का तंगी होती, हे सगळं त्याच्याकडे बघून बऱ्यापैकी सांगता येतं. कारण अगदी साधं आहे, प्रवाशांच्या डब्यांना रंग वेळेवर मिळायचा आणि टपाल-लगेजचे डबे रांगेत शेवटी उभे राहायचे. त्यामुळे मालक बदलला, नाव बदललं, तरी जुना रंग या डब्यांवर वर्षानुवर्षं टिकून राहायचा. 1950 च्या दशकातल्या एकाच गाडीत तीन वेगवेगळ्या काळातले रंग एकामागोमाग जोडलेले दिसतात ते यामुळेच.

आधी थोडी ओळख करून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आयर्लंडमध्ये पहिली रेल्वे 1834 मध्ये धावली, डब्लिन ते किंग्सटाउन, म्हणजे आजचं डन लेरी. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं रुळांमधलं अंतर वेगळं होतं, कुणाचं 4 फूट साडेआठ इंच, कुणाचं 5 फूट 2 इंच, उत्तरेत अल्स्टर रेल्वेचं तर 6 फूट 2 इंच, मग सरकारने मध्यस्थी करून 5 फूट 3 इंच ठरवलं आणि 1846 च्या कायद्याने ते पक्कं झालं. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा 3 इंच कमी आणि इंग्लंडच्या नेहमीच्या रुळांपेक्षा साडेसहा इंच जास्त. म्हणून तिकडचे डबे इंग्लंडच्या डब्यांसारखे दिसतात पण उभे राहतात थोडे फाकून, आणि इंग्लंडचा डबा जसाच्या तसा आणून आयर्लंडमध्ये चालवता येत नाही, चाकं बदलावीच लागतात.

मोठ्या कंपन्या तीन-चारच लक्षात ठेवा. डब्लिनहून दक्षिणेला कॉर्कला जाणारी ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न, तिचं वर्कशॉप इंचिकोरला. डब्लिनहून पश्चिमेला गॉलवेकडे जाणारी मिडलँड ग्रेट वेस्टर्न, तिचं ठाणं ब्रॉडस्टोनला. डब्लिन-बेलफास्ट लाइनची ग्रेट नॉर्दर्न, वर्कशॉप डंडॉकला. आणि अगदी उत्तरेत नॉर्दर्न काउंटीज, जी 1903 मध्ये इंग्लंडच्या मिडलँड रेल्वेने विकत घेतली. डब्लिनला राहणारे आपले मराठी लोक आज ज्या ह्यूस्टन आणि कॉनोली स्टेशनवरून ये-जा करतात ती तेव्हाची किंग्सब्रिज आणि अमिएन्स स्ट्रीट, नावं 1966 मध्ये बदलली.

आता रंगांकडे येऊ. रेल्वेवाले ज्याला लिव्हरी म्हणतात ती म्हणजे नुसता रंग नाही, रंग, कडेच्या बारीक रेघा, अक्षरं, नंबर, कंपनीचं चिन्ह, हे सगळं मिळून लिव्हरी होते. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नचे डबे गडद जांभळट-तपकिरी, लांबून जवळजवळ काळेच वाटावेत इतके गडद. मिडलँड ग्रेट वेस्टर्नचे आधी तपकिरी, मग 1900 नंतर थोडी वर्षं त्यांनी निळा आणि पांढरा असा देखणा प्रयोग केला, पण कोळशाच्या धुरात पांढरा रंग किती दिवस पांढरा राहणार, परत तपकिरीवर आले आणि शेवटी शेवटी लालसर लेक नावाच्या रंगाकडे वळले. नॉर्दर्न काउंटीजने मालकीणबाईंचा, म्हणजे इंग्लंडच्या मिडलँड रेल्वेचा प्रसिद्ध किरमिजी लेक उचलला. ग्रेट नॉर्दर्नने रंगच लावला नाही, लाकूड तसंच ठेवून त्यावर वार्निश. मला स्वतःला हे वार्निशचे डबे फार आवडतात, नवीन असताना मधासारखे आणि दहा वर्षांनी काळपट, प्रत्येक डब्याची छटा वेगळी, एकच रंग असा नाहीच. पुढे 1930 नंतर त्यांच्या डब्यांना पत्रा लागायला लागला तेव्हा त्या पत्र्यावर सुद्धा तपकिरी रंगाचे थर देऊन लाकडाच्या रेषा काढायचे, म्हणजे जुन्या डब्यांच्या शेजारी जोडला तरी वेगळा दिसू नये.

हा लेक म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. आज आपण गाडीला मारतो तसा तो जाड, झाकून टाकणारा रंग नव्हता. लेक अर्धपारदर्शक असतो. आधी लाकडाला प्रायमर, मग फटी आणि खिळ्यांची भोकं भरायची, मग फिलरचे थर, ते दगडाने पाण्यात घासून आरशासारखे सपाट करायचे, मग खालचा अपारदर्शक रंग, त्यावर लेकचे पातळ हात, मग रेघा आणि अक्षरं हाताने, आणि सगळ्यावर वार्निशचे हात, प्रत्येक हात वाळायला वेळ. एक डबा आठवडेच्या आठवडे पेंट शॉपमध्ये अडकून पडायचा. खालचा रंग जरा वेगळा पडला की वरचा लेक वेगळा दिसतो, वार्निश पिवळं पडलं की अजून वेगळा. त्यामुळे "या कंपनीचा खरा रंग कोणता" असं विचारलं की एक नंबर सांगून मोकळं होता येत नाही, नवीन असतानाचा की पाच वर्षांनंतरचा हे आधी विचारावं लागतं.

इतका खर्च आणि इतका वेळ लागत असेल तर मालकाने तो टपालाच्या आणि सामानाच्या डब्यावर का करावा? साहजिकच शक्य तेवढं पुढे ढकलायचे. रेघा कमी, सोनेरीऐवजी साध्या पिवळ्या अक्षरांवर भागवलं, आणि मधल्या काळात नुसतं पुसून परत वार्निश. म्हणूनच जुन्या लिव्हरीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे डबे फार मोलाचे.

फोटोंबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण यात भलेभले फसतात. 1920 च्या आधीचे बहुतेक फोटो ज्या प्लेटवर काढलेत तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात त्याला. लाल वस्तू त्या फोटोत काळी येते आणि निळी वस्तू फिकट येते. म्हणजे चांगला झळझळीत किरमिजी डबा फोटोत कोळशासारखा, आणि मिडलँड ग्रेट वेस्टर्नचा गडद निळा डबा फोटोत करडा-फिकट. आज कुणी कॉम्प्युटरवर अशा फोटोंना रंग भरून टाकतं आणि लोक शेअर करतात, त्यावर अजिबात भरवसा ठेवू नका. वर्कशॉपची कागदपत्रं, उरलेल्या डब्यांवर खरवडून मिळालेले थर, आणि त्या काळी डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांच्या नोंदी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच रंग पक्का मानायचा.

आता टपालाच्या डब्याच्या आत जाऊ. आपल्याकडे आरएमएस म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळतं, स्टेशनवरचं आरएमएसचं ऑफिस, रात्रीच्या मेलला लागणारा लाल डबा, चालत्या गाडीत पत्रं लावणारे सॉर्टर. ही कल्पना मुळात 1838 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली, घोडे वाहून नेणाऱ्या एका डब्यात फेरबदल करून, आणि आयर्लंडमध्ये 1850 च्या दशकात डब्लिन-कॉर्क लाइनवर आली. डब्याच्या एका लांब भिंतीला वरपासून खालपर्यंत छोटे छोटे खण, प्रत्येक खण एका गावाचा किंवा एका रूटचा, सॉर्टर दिव्याच्या उजेडात उभा राहून पत्रं टाकत जाणार, समोरच्या भिंतीला पोत्यांचे हुक. म्हणून या डब्याला बाहेरून खिडक्या कमी, खणांच्या बाजूला तर भिंतच भिंत, आणि उजेड वरून, छतातल्या काचांमधून. बाहेर पत्र टाकायची फट असायची, म्हणजे पोस्ट ऑफिस बंद झालं तरी स्टेशनवर धावत जाऊन थोडे पैसे जास्त भरून पत्र थेट गाडीत टाकता यायचं, आणि त्यावर त्या गाडीचाच शिक्का बसायचा. असे शिक्के असलेली पाकिटं आज टपाल संग्राहक शोधत फिरतात.

डबा रेल्वेचा आणि आतली माणसं पोस्टाची, त्यामुळे बाहेरचा रंग रेल्वे कंपनीचा. 1922 नंतर आयर्लंडचा दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र झाला (उत्तरेचा ब्रिटनकडेच राहिला), तेव्हा तिथल्या रस्त्यावरच्या लाल टपालपेट्या हिरव्या रंगवल्या, पेट्या त्याच, राणीची आणि राजाची अक्षरं त्यावर अजून उठून दिसतात, पण गाडीतले टपाल डबे मात्र रेल्वेच्या रंगातच राहिले.

हे सगळं टपाल यायचं कुठून? मुख्य प्रवाह लंडनहून. 1848 पासून "आयरिश मेल" नावाची गाडी लंडनहून वेल्समधल्या होलीहेडला, तिथून बोटीने किंग्सटाउन, आणि तिथे कार्लाइल पिअरवर गाडी थेट बोटीच्या शेजारी उभी. 1891 मध्ये डब्लिन शहरावरून जाणारी लूप लाइन झाली आणि टपाल शहरातून घोडागाडीने न नेता त्याचे डबेच सरळ उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या लाइनला जोडता यायला लागले. तसंच अमेरिकेचं टपाल, ते डब्लिनहून कॉर्कमार्गे क्वीन्सटाउनला, म्हणजे आजच्या कोव्हला, जायचं आणि तिथे अटलांटिकच्या बोटी थांबून पोती उचलायच्या. टायटॅनिक 11 एप्रिल 1912 ला तिथे शेवटची थांबली तेव्हा तिनेही टपाल घेतलं. टपालाचा प्रवासातला वेळ वाचावा म्हणून ही सगळी धावपळ, आणि तिच्यासाठी दोन्ही बाजूंना वेगवान गाड्या, चांगले रूळ, चांगले डबे. आयर्लंडच्या रेल्वेचा वेग टपालाने वाढवला असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

बोटीतही सॉर्टिंग चालायचं. 10 ऑक्टोबर 1918 ला, पहिलं महायुद्ध संपायला महिना राहिला असताना, किंग्सटाउनहून निघालेली टपालबोट लीन्स्टर जर्मन पाणबुडीने बुडवली, त्यात डब्लिन पोस्टाचे 22 सॉर्टर काम करत होते, 21 जण गेले. या डब्यांबद्दल वाचताना रंग आणि रेघांमध्ये आपण इतके गुंततो, पण आत रात्रभर उभं राहून हे काम करणारी माणसं होती, त्यांची नोंद कुठेतरी व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं.

लगेज व्हॅन म्हणजे दुसरं प्रकरण. आपल्याकडचा एसएलआर आठवा, थोडी सीटं, थोडं लगेज, गार्डची जागा. तिकडेही तसेच अर्धे-अर्धे डबे होते आणि पूर्ण सामानाचे वेगळे. सामान म्हणजे फक्त ट्रंका नाहीत, सायकली, बाबागाड्या, पहाटेची वर्तमानपत्रं, खोक्यातून जाणारी एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे, मासे, शवपेट्या, सगळं. घोड्यांसाठी तर वेगळे डबे, त्यात घोड्याची जागा आणि शेजारी त्याच्या माणसाला बसायला छोटी खोली, कारण घोडे आणि घोड्यांचे बाजार हा आयर्लंडमध्ये मोठा व्यवहार.

इथे रंगाचा खरा अर्थ कळतो. मालगाडीच्या वाघिणी करड्या रंगाच्या आणि पॅसेंजर गाडीला जोडायचे व्हॅन कोचच्या रंगात. म्हणजे दोन्ही चौकोनी, दोन्ही लाकडी, दोन्ही बिनखिडक्यांचे, पण कोचचा रंग असेल तर समजायचं की याला पॅसेंजरच्या वेगाने धावायचा परवाना आहे. त्यासाठी स्प्रिंगा मऊ लागतात, कपलिंग स्क्रूचं लागतं म्हणजे झटके बसत नाहीत, पुढून मागे वाफ जायला पाइप लागतो म्हणजे मागच्या डब्यांचं हीटिंग बंद पडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक.

ब्रेकची गोष्ट उत्तरेतल्या आर्मा गावाची आहे. 12 जून 1889, संडे स्कूलची सहल, मुलांनी भरलेली गाडी आर्माहून समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली आणि चढावर अडकली. इंजिन पुरं पडेना म्हणून त्यांनी गाडी मधून तोडली, अर्धे डबे घेऊन पुढे जायचं आणि मग परत यायचं असं ठरवलं. तेव्हाचा व्हॅक्यूम ब्रेक साधा होता, इंजिनातून जोर येत असेल तोपर्यंतच लागायचा, पाइप तुटला की गेला. मागच्या दहा डब्यांना आधार फक्त शेवटच्या ब्रेक व्हॅनमधल्या गार्डच्या हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग सुटताना जरासा मागे सरकला, धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि ते डबे उताराने मागे धावत सुटून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण गेले, त्यात खूप मुलं. त्याच वर्षी कायदा झाला, प्रत्येक पॅसेंजर गाडीला सलग ऑटोमॅटिक ब्रेक, म्हणजे पाइप तुटला तर ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे. त्यानंतर पॅसेंजरला जोडायच्या प्रत्येक लगेज व्हॅनखाली तो पाइप आणि ते सिलिंडर आलं. जुन्या व्हॅनच्या फोटोत खाली चाकांच्या मधे ते दिसतं का बघा, बफरशेजारी पाइप वर आलेला दिसतो का बघा.

अजून एक बघायची जागा म्हणजे डब्याच्या बाजूला बाहेर आलेली छोटी खिडकीची पेटी. तिच्यात डोकं घालून गार्डला पूर्ण गाडी पुढपर्यंत दिसायची. आणि चाकं मोजा. आयर्लंडमध्ये सहा चाकांचे डबे फार उशिरापर्यंत टिकले, अगदी 1960 च्या दशकापर्यंत, जेव्हा बाकी ठिकाणी ते कधीच भंगारात गेले होते. त्यातही सामानाचे डबे मागे राहिले, पोत्यांना खडखडाटाची तक्रार नसते.

1925 मध्ये आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे त्या स्वतंत्र झालेल्या भागाच्या, हद्दीत पूर्णपणे असलेल्या कंपन्या एकत्र करून ग्रेट सदर्न रेल्वेज झाली. ग्रेट नॉर्दर्नची लाइन नवीन सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना, म्हणून ती वेगळीच राहिली. एकत्र झाल्यावर पहिला घोळ नंबरांचा, दोन कंपन्यांचा एकच नंबर असेल तर काय? मग मिडलँड ग्रेट वेस्टर्नच्या डब्यांच्या नंबराच्या शेवटी एम लावला. तसंच पुढे 1958 मध्ये ग्रेट नॉर्दर्न दोन्ही देशांत अर्धी अर्धी वाटली गेली तेव्हा दक्षिणेकडे आलेल्या डब्यांना एन लागला. म्हणजे नंबरच्या शेवटचं अक्षर वाचता आलं की डब्याचं माहेर सापडलं. रंग म्हणाल तर ग्रेट सदर्नने 1920 च्या दशकाच्या शेवटी खास गाड्यांना चॉकलेटी आणि क्रीम दिला, 1930 च्या दशकात सगळं लालसर मरूनवर आणलं, आणि मागचे व्हॅन आपले जुन्याच गडद रंगात.

सरहद्दीचा त्रास लगेज व्हॅनलाच जास्त झाला. 1923 पासून कस्टम्स सुरू झालं, डब्लिन-बेलफास्ट गाड्या डंडॉकला आणि गोराहवुडला थांबवून सामान तपासायचे, वेळ जायचा. ऑगस्ट 1947 मध्ये ग्रेट नॉर्दर्नने एंटरप्राइज एक्स्प्रेस काढली आणि तपासणी दोन्ही टोकाच्या स्टेशनांवर नेली, तेव्हा मधला थांबा टळला.

1945 मध्ये ग्रेट सदर्नच्या जागी सीआयई, म्हणजे कोरस इंपर एरन, ही नवी वाहतूक कंपनी आली, आणि हिरवा रंग आला. गडद हिरवा, खिडक्यांच्या वर आणि खाली फिक्या पोपटी-पांढरट रंगाची बारीक पट्टी, आणि पंख असलेल्या चाकाचं चिन्ह, जे डब्लिनच्या ट्रामवाल्यांकडून आलं होतं आणि लोक त्याला उडती गोगलगाय म्हणायचे. माझ्या मते आयर्लंडच्या व्हॅनवर सगळ्यात शोभून दिसलेला रंग हाच, लाकडी पॅनेलच्या जुन्या सहा चाकी व्हॅनवर तर फारच.

मग डिझेल आलं आणि गंमत बघा, डिझेलमुळे एक नवीनच जातीचा व्हॅन जन्माला आला. 1955 पासून मेट्रोपॉलिटन-विकर्सची डिझेल इंजिनं यायला लागली, 60 मोठी आणि 34 छोटी, पण त्यात डबे गरम करायला वाफेचा बॉयलर नव्हता. स्टीम इंजिन होतं तोवर वाफ फुकट मिळत होती, आता ती आणायची कुठून? मग बॉयलर बसवलेला वेगळा हीटिंग व्हॅन प्रत्येक गाडीला जोडायचा. इंचिकोरने चार चाकांचे पत्र्याचे व्हॅन बनवले, काही हीटिंगचे, काही लगेजचे, आणि आयर्लंडच्या रेल्वेप्रेमींमध्ये त्यांना टिन व्हॅनच म्हणतात. सुरुवातीला ते चंदेरी होते, कारण रंगाचा खर्च वाचेल असा हिशोब. हिशोब चुकला. चंदेरीवर तेल, काजळी आणि ब्रेकची धूळ इतकी बसायची की वर्षभरात त्यांचा रंग कोणता हे सांगता येत नव्हतं, आणि शेवटी त्यांना हिरवा मारावाच लागला. 1960 च्या सुरुवातीला काळा आणि टॅन, म्हणजे काळ्याच्या मधे नारिंगी-तपकिरी पट्टा, ही नवीन लिव्हरी आली आणि तिने पुढची कितीतरी वर्षं राज्य केलं. पण 1960 च्या दशकातल्या एखाद्या गाडीत पुढे काळं-टॅन इंजिन, मग एक चंदेरी टिन व्हॅन, मग हिरवे डबे आणि शेवटी ग्रेट नॉर्दर्नचा तपकिरी व्हॅन, नंबराच्या शेवटी एन, असं सगळं एकत्र दिसू शकायचं.

चालत्या गाडीतलं टपाल आयर्लंडमध्ये 1990 च्या दशकापर्यंत टिकलं. त्याआधी 31 मार्च 1976 ला कॉर्कहून डब्लिनला येणारी मेल किल्डेरमध्ये सॅलिन्सजवळ थांबवून लुटली गेली, सुमारे दोन लाख पौंड गेले, आणि त्या खटल्यात निर्दोष लोकांना शिक्षा झाल्या, त्यातल्या एकाला 1992 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. टपाल डबा म्हणजे रोख पैशांचाही डबा होता हे त्यावरून कळतं, भक्कम दारं आणि कमी खिडक्या काही फक्त खणांसाठी नव्हत्या.

ज्यांना हे डबे मॉडेलमध्ये बनवायचेत त्यांच्यासाठी, 4 मिलिमीटरला 1 फूट या स्केलमध्ये आयर्लंडचा रूळ बरोबर 21 मिलिमीटर येतो, बाजारातला तयार ट्रॅक साडेसोळाचा असतो, त्यामुळे चाकं आणि चाकांमधली जागा दोन्ही बारीक दिसतात आणि व्हॅनचा तो फाकून उभा राहायचा थाट जातो. व्हॅनला नवा कोरा चकचकीत रंग देऊ नका, छत करडं-काळपट ठेवा, खालचा भाग ब्रेकच्या धुळीचा तांबूस. आणि प्रत्यक्ष बघायचे असतील तर बेलफास्टजवळ कुल्ट्राचं ट्रान्सपोर्ट म्युझियम, व्हाइटहेडचं रेल्वे म्युझियम आणि डाउनपॅट्रिकची जतन केलेली लाइन, तिन्ही उत्तरेत आहेत आणि डब्लिनहून एका वीकेंडला जमण्यासारखी आहेत. जतन करताना आधी नंबर लागतो इंजिनाचा आणि सलूनचा, सामानाच्या व्हॅनसाठी वर्गणी गोळा होत नाही, कित्येक व्हॅन शेतात कोंबड्यांचं खुराडं नाहीतर वर्कशॉपची शेड होऊन कुजले. जे उरलेत त्यांच्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात, दाराच्या बिजागरीमागे, जिथे ब्रश नीट पोचत नाही तिथे जुने थर अजून सापडतात, तेव्हा रंग खरवडून नवीन मारण्याआधी तेवढी जागा तरी सोडा, फोटो काढा, आणि थर कुठल्या क्रमाने होते ते लिहून ठेवा.